एक्स-रेचा कंदील

लागेल कधीतरी, म्हणून ठेवलेलं.
कशाला लागेल ते ठरलं नव्हतं.

गादीखाली बांबोळीच्या इस्पितळाचे पिवळे लखोटे,
अकरा.
प्रत्येकावर ह्यांचं नाव,
दर वेळी नव्या चुकीनं लिहिलेलं.

शेजारचा साईश आला, म्हणाला, काकी,
बाईंनी सांगितलंय, कंदील करायचा घरात असेल त्यातून,
विकत काही आणायचं नाही.
अरे, विकत आणायला फेरी गाठावी लागते,
माझे गुडघे धक्क्यापर्यंतसुद्धा यायला तयार नसतात.
बस खाली.

काड्या इनासच्या.
नाताळाच्या नक्षत्रासाठी तो आत्तापासूनच बांबू तासत बसतो.
वईवरून हात पुढे करून म्हणाला,
"उरल्यात गो, व्हर."
लहान जोडांना माडाचे हीर,
बांधायला तांदळाच्या पोत्याचा दोरा.
तो ओढला की सरसर सुटतो, एका दमात,
पण ओढायचं नेमकं टोक सापडलं पाहिजे.
साईशला पाचव्यांदा सापडलं.

खळ सकाळच्या पेजेची.
थोडी आटवून, बोटानं फासून.

आणि कागद?
कागद नव्हताच घरात, पतंगी वगैरे.
मग मी गादी उचलली.

बाथरूम धुवायचं ब्लीच बालदीत ओतलं,
एकेक फिल्म बुडवली.
आधी काहीच होत नाही.
मग काळं सुटायला लागतं, काठाकडून,
गुडघा विरतो,
मणके विरतात वरून खाली,
रॅम्पखाली सापडलेली ती पोटरी,
तिच्यातल्या स्टीलच्या पट्टीसकट, सहा स्क्रूंसकट.
एकोणतीस वर्षं फेरीवर दोर टाकला ह्या माणसानं,
आणि त्याचं पाणी मोरीतून गेलं
साध्या धुण्याच्या पाण्यासारखं.
हातात उरली निळसर, स्वच्छ, कडक फिल्म.
साईश म्हणाला, काकी, काच!

दहा झाल्या.
अकरावी मी खिडकीशी धरली.
छातीची. शेवटच्या पावसाळ्यातली.
डाव्या बाजूला खाली तो ढग,
जो डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं दाखवला होता
आणि मी मान हलवली होती,
समजल्यासारखी.

बालदीतल्या पाण्यात अजून जोर होता.
साईश वाट बघत होता.
ही असू दे अशीच, मी म्हटलं,
एक बाजू काळी बरी दिसते.

शेपट्या फेरीच्या जुन्या दोराच्या.
निळा नायलॉन. पीळ सोडले की कुरळाच राहतो,
कितीही ओढा, आंबाड्यातून सुटलेल्या केसांसारखा.
ह्यांनी आणून ठेवलेला, माळ्यावर.
त्यांनाही ठाऊक नसणार कशाला.

रात्री दारात टांगला.
आत चाळीसचा पिवळा बल्ब, न्हाणीघरातला काढलेला.
दिवाडीच्या त्या आडगल्लीत
तीन बाजूंनी चांदणं पडलं
आणि चौथ्या बाजूनं, आमच्या भिंतीवर,
बरगड्या.
वारा आला की किंचित हलायच्या,
आत, बाहेर.

नरकासुराला कागद डकवून दमलेली पोरं
वाटेत थांबली.
काकी, हे काटे कसले? इसवणाचे?
हो रे, म्हटलं, इसवणाचे.
मोठा होता.

इनास वईपाशी उभा राहून बराच वेळ बघत होता.
काही बोलला नाही. टोपी काढली होती.
मग म्हणाला, धुतलेल्या दोन उरल्या असतील
तर डिसेंबरात मला दे,
नक्षत्राच्या पोटाला बऱ्या.

साईशला शाळेत दुसरा नंबर मिळाला.
पहिला कुणाच्या तरी वडिलांना.

पंधरवड्यात झुरळांनी कडा खाल्ल्या,
एक चौकोन लोंबला.
चूक माझीच.
खळीत चिमूटभर मोरचूद घालतात,
आई घालायची, मला माहीत होतं,
त्या दिवशी लक्षच नव्हतं.

सांगाडा उतरवून माळ्यावर ठेवलाय.
दोर गुंडाळून त्याच्या आत.
ती एक फिल्म पुसली आणि लखोट्यात घातली,
नावातली चूक
पेनानं दुरुस्त करून.