बिस्किटांचा डबा

कपसाबेटच्या आमच्या शाळेत परिपत्रक आलं:
सोमवारपासून मुलींनी फोन आणले तरी चालतील.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, लांगात सर, तुमचा डबा रिकामा करा.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. अकरा वर्षांची जप्ती.
पाव आतून पोखरून त्यात लपवलेला एक,
एक मोज्यात शिवलेला,
एक जेलागतचा. काच तडकलेली, मागे चिकटपट्टी.
तिला तीन दिवस घरी धाडलं होतं.
बाप चहाच्या मळ्यातून चालत आला,
टोपी हातात धरून माझी माफी मागून गेला.
ती काहीच बोलली नाही.
शेऱ्यात मी लिहिलं: उद्धट.

जुना चार्जर सापडेपर्यंत दुपार कलली.
फोन कुरकुरत उजळला.
म्हटलं, निघतील आता मुलगे, गाणी, नको ते.
निघाला फळा.
फळा, फळा, पुन्हा फळा,
माझं बीजगणित, माझा तिरका सात,
खडूने पांढरी पडलेली माझ्या कोटाची बाही.
काही फोटो तर इतके जवळ ओढलेले
की अख्ख्या चौकटीत एकच आकडा,
तोही धुरकट.

शेवटच्या बाकावर बसायची.
उंच आहेस, मागे जा,
मीच म्हणालो होतो.

सोमवारी पोरींनी फोन बाकांवर मांडले,
जरा बिचकतच, माझ्याकडे बघत.
मी फळ्यावर तारीख लिहिली.
पुसली.
मग हातभर मोठी लिहिली.
पहिल्या बाकावरची चेरोतिच हसली,
"सर, आम्हाला दिसतंय की."