पान एक्क्याण्णव

मंगळवारी मी ग्राहक सल्ला-केंद्रात बसतो,
कोर्ट्राइकच्या वाचनालयावर, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद.
गोडलीव्ह वानहौट, वय ब्याऐंशी, जिना चढून येतात
आणि भरतकामाच्या पिशवीतून काढून
टेबलावर ठेवतात एक चपटं यंत्र,
आजारी पाखरू ठेवावं तसं.

"फिरमिनची पुस्तकं आहेत यात. तीनशे बारा.
मला ती कबुतर-मंडळाला द्यायची आहेत."

मी करार वाचतो. सत्तेचाळीस पानं.
असल्या पानांवर माझं पोट चालतं, तरी शेवटाला पोचलो
की सुरुवात मलाच आठवत नाही.
कलम सहा: ही विक्री नव्हे, परवानगी.
परवानगी त्याच्या नावे, त्याच्या श्वासापुरती.
फिरमिन मार्चमध्ये गेला.
परवानगीही त्याच दिवशी गेली असणार,
तिला कुणी फुलं पाठवली नाहीत.

"पण पैसे मोजलेत. बटणावर 'खरेदी करा' असंच लिहिलंय."
लिहिलंय.
मी सांगतो: छापील पुस्तक असतं तर
पहिल्या विक्रीनंतर प्रकाशकाचा हक्क दमतो
(आम्ही वकील खरंच तसं म्हणतो, दमतो),
मग ते विका, वाटा, टेबलाच्या आखूड पायाखाली सारा.
यातला हक्क दमत नाही.
"मी मात्र दमले," त्या म्हणतात, आणि जिन्याकडे बघतात.

चौदा दिवसांत सगळं परत करता येतं ना?
येतं. पण फिरमिननं एका चौकोनात खूण केली होती:
लगेच वाचायला मिळावं म्हणून परतीचा हक्क सोडतो.
तीनशे बारा वेळा.
"उतावळाच होता मेला." पहिल्यांदा हसतात.

त्यांचे वडील गाय विकायचे ती हातावर हात मारून.
भाव सांगा, टाळी. भाव उतरवा, टाळी.
शेवटची टाळी सणसणीत वाजली की गाय त्याची,
शेपटीपासून पोटातल्या वासरापर्यंत.
"कुणी म्हणालं नाही, की फक्त धार काढायची परवानगी आहे."
मी मान हलवतो. गाय कलमात बसत नाही.

मग त्या यंत्र चालू करतात.
पानाच्या कडेला पिवळी खूण, आणि खुणेत फिरमिन:
'खोटं. पावसात निळी मादी आधी पोचते.
ऑर्लेआंहून सोडली होती, सत्त्याऐंशी साली. मी अंगणातच उभा होतो, भिजत.'

मी खुर्चीत सरळ बसतो.
हे कंपनीचं नाही, बाई.
हे वाक्य फिरमिनचं, म्हणजे आता तुमचं,
त्याच्यामागे सत्तर वर्षं.
"मग काढून आणा," त्या म्हणतात,
जणू किल्ली आत राहिली आहे.

मी पत्र लिहितो: ग्राहकानं स्वतः निर्माण केलेलं ग्राहकाला परत.
दुसरं पत्र. तिसरं, जरा दात दाखवून.
ऑगस्टअखेर एक फाइल येते, त्याच दिवशी खातं बंद.
यंत्र कोरं.
एक हजार एकशे चाळीस टिपा,
आणि ज्या ओळींशी तो भांडला त्या ओळी नाहीत,
फक्त त्याची बाजू,
शेजारच्या खोलीतून फोनवरचं बोलणं ऐकू यावं तशी:

पान १२: नाही.
पान १३: नाहीच.
पान ४०: हो, पण वारा?
पान ५८: मोरिसला वाचून दाखवायचं. जिरेल त्याची.
पान ९१: गोडलीव्हला विचारायला हवं.

'नाही' एवढ्यावर लेखकपण सिद्ध होत नाही, मला ठाऊक आहे.
कायद्याला निर्मिती लागते, माणसाची स्वतःची छाप.
हा मुद्दा कंपनीला सुचला नाही.
मीही आठवण करून दिली नाही.

त्या कागदांची घडी घालतात, पिशवीत ठेवतात, निघतात.
अर्ध्या जिन्यात पावलं थांबतात.
मग परत वर, एकेक पायरी.

"एक्क्याण्णव पानावर काय होतं हो?"

कुठल्या पुस्तकाचं पान, ते फाइलमध्ये नाही.
मी पावत्यांमधून तीनशे बारा नावांची यादी काढतो.
बसा, म्हणतो.