एकेचाळीस नंबरची वही

बापर्डेकर डॉक्टरीणबाईंनी रकाने आखून दिले:
किंकाळीची वेळ. किती मिनिटं. घाम. ओळख पटली का.
आणि सात कप्प्यांच्या डबीत
पांढऱ्या, बिननावाच्या गोळ्या.
निम्म्यांच्या गोळीत झोप आहे, म्हणाल्या,
निम्म्यांच्या गोळीत नुसतं पीठ.
कुणाला कुठली, ते मलाही ठाऊक नाही.

लवूला सकाळी काही आठवत नाही.
चहात बटर बुडवत विचारतो,
काल वरडलंय काय गो?
भितो तो, आणि आठवण ठेवतो माझ्याकडे,
शेजारणीकडे चावी ठेवावी तशी.

दोन वाजून दहा. सहा मिनिटं. उशी भिजलेली. ओळख: नाही.
'दोरी सोडू नको रे' म्हणतो,
त्याला रकाना नाही.
बाई म्हणाल्या, गाढ झोपेतून
अर्धंच माणूस वर येतं,
त्या अर्ध्याचं बोलणं आम्ही मोजत नाही.
मी समासात लिहिते, पेन्सिलीने, बारीक.
ज्याला सांगतो त्याची आई
सर्जेकोटच्या लिलावात माझ्या शेजारी बसते.
तिची टोपली मीच डोक्यावर चढवून देते.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारची गोळी
मी घेतली.
त्याला शक्तीची दिली, तशीच पांढरी.
पीठ की झोप, एवढंच बघायचं होतं.

मग काहीच नाही.
गाज नाही, भरती नाही, दोन वाजून दहा नाहीत.
जाग आली तेव्हा ऊन कॅलेंडरच्या अर्ध्यावर,
दाराची कडी काढलेली, तांब्या आडवा,
लवू अंथरुणात सरळ, पांघरूण छातीपर्यंत,
पायांना घोट्यापर्यंत ओली वाळू,
उजव्या तळहातावर
दोराचा ताजा वळ.

काल वरडलंय काय गो?
नाय, म्हटलं मी, चुलीकडे बघत.

वहीत लिहिलं: किंकाळी नाही. मिनिटं शून्य.
शनिवारी बाईंनी पान उलटलं, हसल्या,
गुण येतोय, म्हणाल्या,
एकेचाळीसपुढे हिरवी खूण केली.
चादर मी आधीच परड्यात झटकली होती.

म्हणजे आमच्या डबीत झोपच आहे.
तीन आठवडे त्याच्या पोटात झोपच जात होती
आणि तरीही
दोन वाजून दहा.

बुधवारचा कप्पा उघडला त्या संध्याकाळी.
तो हात पुढे करून बसलेला, वळ आत दुमडून.
मी गोळी तळहातावर धरून
जरा वेळ
उभी राहिले.