जावळ

चौतीस, शून्य नऊ.
मोबाइलच्या उजेडात वाचतो मी, गुडघे टेकून,
घणसोलीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये,
पहाटे पावणेपाचला.
म्हणजे दोन हजार नऊ सालचा चौतिसावा आठवडा.

ऋजुता म्हणते, अप्पा, तारीख काय बघताय,
कोरा आहे टायर. हे बघा.
आणि बोट फिरवते
त्या बारीक रबरी केसांवरून,
साच्यातून निघतानाचे, जसेच्या तसे.

जावळच काढलेलं नाही याचं.

पंधरा वर्षं डिकीच्या गालिच्याखाली,
जॅकशेजारी, पान्याशेजारी,
आणि नलूच्या त्या जांभळ्या छत्रीशेजारी,
जी डोंबिवलीच्या लग्नात कुणीतरी उचलली
असं तिनं शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं.
दर वर्षी गाडीचा विमा भरताना ती विचारायची,
स्टेपनी आहे ना?
आहे.
दोघांनाही तेवढं पुरायचं.

मी रबाळ्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
रबर म्हातारं करायचं काम केलं.
पट्ट्या कापायच्या, ओव्हनमध्ये टांगायच्या,
सत्तर अंश, सात दिवस,
मग ओढून बघायचं कुठे तुटतात.
नव्या पोरांना सांगायचो,
टायरच्या पोटात मेण असतं.
तो धावला, वाकला, तापला की ते वर येतं
आणि हवेपासून त्याला झाकतं.
जागचा न हलणाऱ्याचं मेण
आतल्या आत राहतं.
पोरं लिहून घ्यायची. मी खाली सही करायचो.
आता तिथे सर्व्हरची इमारत आहे,
बिनखिडक्यांची, रात्रंदिवस घोरणारी.

अंगठ्यानं बाजू दाबतो.
भेगा उघडतात, केसाएवढ्या.
कधी न चाललेल्या पायाची टाच फुटावी तशा.

चालेल ना? नऊला मुलाखत आहे पुण्यात.
हवा भरली तर धरलीय की त्यानं.
हवा धरतो म्हणजे चालतो असं नाही,
हे मी म्हणतो
आणि उठायला बंपर धरतो.
ती हसत नाही.
एक्स्प्रेसवेवर नाही, म्हणतो. घाटात तर नाहीच.
बस पकड सानपाड्याहून.
तुमचं ना अप्पा, कायम असंच,
म्हणत ती रिक्षा थांबवते.
जाताना छत्री तेवढी उचलते.
फेब्रुवारी आहे. मी काही विचारत नाही.

दहा वाजता त्याच टायरवर निघालो, एकटाच,
कोपरखैरण्यापर्यंत,
तिशीच्या आत, चारी दिवे लुकलुकवत.
मागून शिव्या. एका टँकरनं तर
ड्रायव्हर बाहेर काढून बघितला मला.
मी डावीकडे कान देऊन होतो.
बारीक चरचर, मऊ,
पहिल्यांदा रस्ता लागत होता त्याला.

हर्षल मढवीनं गाडी उचलली, चाक उतरवलं,
भेगांत नख घातलं.
काका, ह्यो नवा नाय, नुसता बसलेला हाय.
मग जरा थांबून, आवाज उतरवून,
तरी पाचशे देतो. केस हायेत ना अजून,
काळं पॉलिश मारला की जाईल कुणाला तरी.

कुणाला तरी.
मला तो टँकरवाला आठवला,
मग घाटातलं कुणीतरी, मागच्या सीटवर झोपलेलं.

काप, म्हटलं.
अख्खा?
बाजूनं. परत कुणी बसवू नये असा.

त्यानं कटर घातला. रबर किरकिरलं.
सवयीनं मी वाकून बघत राहिलो
कुठे तुटतंय ते.
कडेचं जावळ होतं तसंच होतं,
मधलं तेवढं झिजून धुळकट झालेलं.

खिशात वही नव्हती.
नव्या टायरच्या बिलामागे लिहिलं,
चौतीस, शून्य नऊ.
धाव, अडीच किलोमीटर.
आणि खाली, कशासाठी कोण जाणे,
सही केली.