नंतर आणि मुळे

सोनवणे वकिलांनी अर्जातल्या एकाच शब्दाभोवती
लाल शाईनं गोल काढला.
"सिस्टर, तुम्ही 'लसीनंतर' लिहिलंय.
कोर्टाला 'लसीमुळे' लागतं."

खिडकीबाहेर अमळनेरचं ऊन, चव्वेचाळीसवर टेकलेलं.
मांडीवर फाइल.
फाइलखाली मांडी आहे,
हे मी डोळ्यांनी बघून सांगते.

एकोणीस वर्षं बोरीकाठच्या उपकेंद्रात सुया टोचल्या.
किती दंड, ते नोंदवहीला माहीत.
गुरुवारी निळा डबा उघडायचा,
कुपीवरचा चौकोन काळवंडला नाही ना, बघायचं,
मग रडणारं पोर.
ताप येईल, घाबरू नका, अर्धी गोळी द्या,
आणि अर्धा तास बाकावर बसा.
माझी पाळी आली तेव्हा मीही बसले.
भिंतीवरचं घड्याळ बंद होतं.
अर्धा तास मनात मोजला.

अकराव्या दिवशी तळव्यांना मुंग्या.
तेराव्या दिवशी आशाताई मागून ओरडली,
"सिस्टर, तुमनी चप्पल मांगे राहनी!"
मी वीस पावलं पुढं आले होते,
एका पायात चप्पल, एकात नाही,
आणि दोन्ही पाय सारखेच.
सोळाव्या दिवशी जळगावला
एक यंत्र माझ्या वतीनं श्वास घेत होतं.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं:
राखणदारानं घरधन्यालाच झोडपलं.
नळी निघाल्यावर मी विचारलं,
त्याला चोर म्हणून कुणी दाखवलं मला?
ते म्हणाले, तेवढं सांगता येत नाही.
पाच दिवस बाटल्या चढल्या.
यांनी पिठाची गिरणी विकली.

जिल्हा समितीचा कागद चार महिन्यांनी आला.
रकान्यात खूण: अनिश्चित.
कारण लस घेतली त्याच आठवड्यात
पाटलांच्या लग्नात मी वरण-बट्टी खाल्ली होती,
आणि दुसऱ्या दिवशी जुलाब.
जुलाबानंही नसा जातात म्हणे. जातात, मीही वाचलंय.

"हे जुलाबाचं केसपेपरवर कुणी लिहिलं?"
"मीच सांगितलं."
"कशाला?"
"झाले होते. तीनदा. पातळ."
वकिलांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.
दुसऱ्यांच्या पोरांचे असे फॉर्म मीच भरायचे, साहेब.
रकाना रिकामा सोडायची सवय नाही.

नाशिकच्या तज्ज्ञांचं पत्र होतं:
शक्यता नाकारता येत नाही.
"नाकारता येत नाही म्हणजे मान्य केली, असं होत नाही,"
सोनवणे म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं.
पत्राचे अडीच हजार झाले होते.

फिजिओवाला पोरगा सांगतो,
नस दिवसाला मिलिमीटरभर वाढते.
म्हणजे गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंत
मी हिशेब केला. मग पुसला.
रात्री पोटरीत काहीतरी सरकतं,
ओल शोधत जाणाऱ्या मुळीसारखं,
किंवा नुसताच भास.
कशामुळे, ते लिहून ठेवत नाही.

अर्ज अजून फाइलीतच. लाल गोलासकट.

परवा गुरुवारी वॉकर घेऊन उपकेंद्रात गेले.
नवी सिस्टर हुशार आहे, हात हलका.
बाकावर मात्र जागाच जागा.
धुडकूअप्पाची सून पोराला छातीशी धरून उभी,
माझ्या पायांकडे बघत.
"सुईमुये व्हयनं का तुमले?"

अहिराणीत 'ळ' नाही,
तो शब्द तिच्या तोंडी इतका मऊ आला
की मला चटकन 'हो' म्हणता आलं असतं.
'नाही'सुद्धा.

घड्याळात कुणीतरी सेल घातला होता.
मी वॉकर बाजूला सरकवला, तिला जागा केली.
"टोचून घे त्याला," म्हटलं,
"मग अर्धा तास माझ्याजवळ बस.
दंड चोळू नको.
आणि काही झालं, काहीही,
तर तारीख लिहून ठेव."