घंटीचं वजन चार ग्रॅम

जानेवारीत ज्युराच्या डोंगरात
दिवस चार वाजताच शटर ओढून घेतो.
मी दिवा लावते, फॉर्म उघडते.
पलीकडे फेरेओलमामा लेथवर वाकलेला,
भुवयांवर बीचच्या लाकडाचा भुसा.

"गेल्या वर्षी किती?"
"किती काय?"
"घोडे."
"घोडे मोजायला मी काय पागा चालवतो?"

तरी मोजतो.
बोटांवर, मग पेन्सिलीनं,
मग नुसताच रिकाम्या फळीकडे बघत,
जिथून ते गेले.

बाराशे अठरा घोडे.
तीनशे बदकं, दोरीसकट.
भोवरे वेगळे.
प्रत्येकामागे काही सेंटीम:
कधी तरी, कुणी तरी त्याला कचऱ्यात टाकेल
त्या दिवसाचे, आजच.
म्हणजे बारशालाच तेराव्याचे पैसे भरायचे
आणि पावती जपून ठेवायची.

मामा चिडत नाही. त्यानं पाहिलाय
खोऱ्याच्या तोंडाशी असलेला डेपो.
बाहुल्यांचे नुसतेच पाय,
एक गुलाबी किल्ला, उलटा,
आणि ढिगात खोल कुठं तरी जिवंत राहिलेली बॅटरी
दर दहा मिनिटांनी म्हणते,
चला, खेळू या.
"कुणी तरी द्यायलाच हवेत पैसे," तो म्हणतो.
"पण त्या किल्ल्याला आणि मला
एकाच पंगतीत का बसवलंय?"

"एकाच नाही. रकाने वेगळे आहेत.
निव्वळ लाकूड असेल तर सूट.
धातू मिसळला की सूट गेली."

लेथ थांबतो.

घोड्याच्या पोटात घंटी आहे.
चार ग्रॅम, पितळी.
ती आजीची, युगेतची कल्पना:
पोर घोडा ओढत दिसेनासं झालं
तर निदान ऐकू यावं, कुठं आहे ते.

सतरा सेंटीम गुणिले बाराशे अठरा,
दोनशे सात युरो, वर चिल्लर.
फार नाहीत. दोन महिन्यांचं व्हार्निश.
पण लियोंचं मोठं दुकान किंमत वाढवू देत नाही,
आणि हल्ली घोड्याचा रंग विचारायच्या आधी
नोंदणी क्रमांक विचारतं.
मागच्या खोऱ्यातल्या गिस्लेननं
कठपुतळ्यांचा कारखाना बंद केला.
फीमुळे नाही, म्हणाली.
फीचं गणित करता करता
बाकीचं गणितही दिसलं.

"घंटी काढली तर?" मी विचारते.
मामा एक घोडा उचलतो, हलवतो,
खाली ठेवतो.
उत्तर देत नाही, कॉफी करायला जातो.
कॉफी काही लवकर होत नाही.

तेवढ्यात पोस्टमन. खोका, दिजोंहून.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला आमचाच घोडा,
पोटाखाली आजीच्या अक्षरात साल: चौऱ्याहत्तर.
रंग ओठांपाशी चाटून गेलेला,
मागचं एक चाक नाही.
चिठ्ठीत एवढंच: चाक मिळेल का?
आता तिसऱ्या पिढीला दात येताहेत.

मी फॉर्म वरखाली करते.
बाजारात आणलेले नग. त्यांचं वजन. त्यांचा पदार्थ.
जो अजून मेलाच नाही,
त्याचा रकाना मला तरी सापडला नाही.

मामा पेला ओठांशी धरून घोडा कानाशी नेतो.
घंटी वाजते, जराशी घोगरी,
पडसं झाल्यासारखी.
मग त्याच पेल्याचं बूड लाकडावर टेकवून
पेन्सिलीनं गोल काढतो, चाकासाठी.
मोठा होतो. पुसतो.
दुसरा काढतो.

मी मिश्र पदार्थांच्या ओळीत
बाराशे अठरा लिहिते.
बटण दाबते.
पडद्यावर धन्यवाद येतं,
त्याखाली भरायची रक्कम, मुदत महिनाअखेर.

मग मागणीची वही काढते.
घंट्यांचा डबा तळाला गेलाय.
या वेळी किती मागवायच्या, हे विचारायला मान वर करते,
पण लेथ पुन्हा सुरू झालाय,
आणि त्या आवाजात
त्याला काही ऐकू येत नाही.