दोनची गोळी

दिवसाला हजार विड्या वळते मी.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे.
मोजणं बोटांतच आहे,
डोळे मिटले तरी चुकत नाही.

तरी डॉक्टरीणबाईंनी वही दिली.
म्हणाल्या, व्यंकम्मा, या गोळीचा हिशेब
मनात ठेवायचा नाही.
सहा, दहा, दोन, सहा, दहा, दोन.
आधी दुखणं दहापैकी किती, नंतर किती,
गुंगी किती, श्वास किती,
आणि परसाकडला झालं का, तेही लिहा.

राजेशम लाजला.
तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस,
मणक्याचं सांगतो, पोटाचं सांगत नाही.
मीच लिहिते: दोन दिवस नाही. बाईंना विचारायचं.

शिंदी बंद.
हे त्याला दुखण्याहून जड गेलं.

डबा कुलपात, किल्ली माझ्या मंगळसूत्राच्या पिनेला.
शेजारची नरसूबाई गुडघा धरून आली,
एक दे की गं, माझा पण जीव जातोय.
चहा दिला. तेल चोळून दिलं.
त्याच्या मापाची गोळी तुला आडवी करेल, म्हटलं,
तर आठवडाभर नळावर बोलली नाही.

मे महिना. विडी घरकुलातला पत्रा
रात्रीसुद्धा दुपारच ओततोय.
एक वाजता तो उठून बसतो.
दे.
दोनला.
तासानं काय होतंय?
तूच सांग. ताणा जास्त ओढला की?
तुटतो.
सैल सोडला की?
तो गप्प. मग चिडून,
चादरीचा मोर कसा उतरतो ते सांगू लागतो:
पुठ्ठ्याची पानं, पानांना भोकं,
एक भोक चुकलं की मोराची मान मोडते.
मध्येच कण्हतो. पुन्हा पिसाऱ्यावर येतो.

दोन वाजले.
गोळी, पाणी.
रिकामं पाकीट मी परत द्यायच्या पिशवीत टाकते,
त्यालाही भोकंच भोकं.

तो झोपला की छातीवर नजर ठेवून
घड्याळाचं एक मिनिट मोजते.
चौदा.
लिहिते: सातवरून चार.
शून्य आजवर लिहिलं नाही.
चार असलं की तो स्वतः उठून
दारातल्या खुर्चीपर्यंत जातो.
खाली लिहिते: तिसरी रात्र, तासभर आधी जाग.
आपण वाढवायची नाही. सकाळी फोन.

सकाळी कारखान्यात चेकरनं कट्टा सोडला,
वर बघितलं माझ्याकडं.
चोवीस.